'रिकॅल्सिट्रंट': लाथेतून आलेला शब्द

शिकवलेलं न घेणाऱ्या, शिस्तीला न जुमानणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत 'रिकॅल्सिट्रंट' असा भारदस्त शब्द आहे. नुसता घोकून तो डोक्यात राहत नाही. मूळ कळलं की मात्र विसरता येत नाही. लॅटिनमध्ये 'काल्क्स' म्हणजे टाच, त्यावरून 'काल्किट्रारे' म्हणजे लाथ मारणे आणि 'रेकाल्किट्रारे' म्हणजे उलट लाथ झाडणे. थोडक्यात, शब्द घोड्या-खेचरांचा. आपला 'अडेलतट्टू'ही तबेल्यातलाच, पण ते तट्टू नुसतं अडून बसतं.

रोमन कवी होरेसने इ.स.पू. 30च्या सुमारास हे क्रियापद थेट ऑक्टेव्हियनसाठी, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टससाठी वापरलं. त्याला वेडंवाकडं थोपटायला गेलात तर तो लाथ झाडतो, असं होरेस म्हणतो. मला ही ओळ फार मोलाची वाटते, कारण इथे चूक थोपटणाऱ्या हाताची आहे. पुढे इ.स. 400च्या आसपास ख्रिस्ती संत जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये सुखाने मातलेली प्रजा देवावरच लाथ उगारते, तेव्हा हेच क्रियापद येतं. तिथे सगळा दोष लाथ मारणाऱ्याचा. फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन 19व्या शतकात शब्द रुळला, तो हा दुसरा अर्थ घेऊन.

त्याच्या विरुद्धार्थी 'डोसाइल'ची गोष्ट अधिक खटकते. लॅटिन 'डोकेरे' म्हणजे शिकवणे; 'डॉक्टर' त्याच घरातला. आधी 'डोसाइल' म्हणजे शिकवलेलं चटकन उचलणारा. पुढे इंग्रजीत त्याचा अर्थ घसरत निमूट, आज्ञाधारक असा झाला. शिकणं आणि मुकाट ऐकणं एकच मानलं, की प्रश्न विचारणारं मूलही हट्टी ठरतं. ही गफलत वर्गावर्गात मुलांना भोवते.

वनस्पतिशास्त्रात 'रिकॅल्सिट्रंट' हा शब्द 1973 मध्ये आला. बियांचे अभ्यासक ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन गट केले. वाळवून, थंड ठेवून टिकतात त्या 'ऑर्थोडॉक्स'. वाळवल्या की मरतात त्या 'रिकॅल्सिट्रंट'. आंबा, कोको, रबर यांच्या बिया दुसऱ्या गटातल्या. बियाणे बँकेची नेहमीची रीत त्यांना चालत नाही, म्हणून मग रीतच बदलावी लागते: एक तर जिवंत झाडंच बागांमध्ये सांभाळायची, नाहीतर बीमधला कोवळा गर्भ काढून उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेवायचा.