विल्सनचा आजार: मनोविकाराआड दडलेलं तांबं

विल्सनच्या आजारात पित्तावाटे बाहेर पडायचं तांबं यकृतात साठतं आणि पुढे मेंदूपर्यंत पोचतं. सॅम्युअल किनियर विल्सन यांनी १९१२ साली हा आजार मांडला, तेव्हा त्यांच्या १२ रुग्णांपैकी ८ जणांत मानसिक लक्षणं होती. पुढे मात्र तो यकृताचा आणि थरथरीचा आजार म्हणूनच ओळखला गेला, मनाची बाजू मागे पडली. त्याची किंमत आजही रुग्ण मोजतात.

नेमकी खूण तर त्याआधीच दिसली होती. कायझर (१९०२) आणि फ्लायशर (१९०३) यांनी बुबुळाच्या कडेला हिरवट-तपकिरी कडं पाहिलं. ते तांब्याचं, हे नंतर कळलं. १९४८ मध्ये कमिंग्ज यांनी रुग्णांच्या यकृतात व मेंदूत जादा तांबं दाखवलं. १९५२ मध्ये रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, कमी असल्याचं आढळलं, १९५६ मध्ये वॉल्शे यांनी तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध आणलं. ज्यातल्या दोषाने हा आजार होतो ते एटीपी७बी जनुक सापडायला १९९३ उजाडलं. भारतात दस्तूर, मंघानी व वाडिया यांनी १६ कुटुंबांचा अभ्यास १९६८ साली छापला.

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात एखादा सतरा वर्षांचा मुलगा चिडका होतो, मार्क घसरतात, अक्षर बिघडतं. घरचे म्हणतात, वयाचा परिणाम. मग भास किंवा उदासी येते आणि मनोविकाराची गोळी सुरू होते. इथेच घात होतो: हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने हात कापतात, अंग आखडतं, म्हणून विल्सनची थरथर, लाळ गळणं, अडखळतं बोलणं औषधाच्या खात्यावर जमा होतं. विल्सनच्या रुग्णांत अशी औषधं जास्तच बाधतात. गोळी घेण्याआधी थरथर होती का, हा एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारलाच पाहिजे.

बुबुळाचं कडं साध्या डोळ्यांनी हुकतं, स्लिट लॅम्प हे डोळे तपासायचं यंत्र लागतं. मेंदूची लक्षणं असलेल्या बहुतेकांत ते असतं, नुसत्या यकृताच्या रुग्णांत सुमारे निम्म्यांत. सेरुलोप्लाझ्मिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली असेल तर संशय वाढतो. पण सूज किंवा गरोदरपणात ते वाढतं आणि अहवाल फसवा येतो. २४ तासांच्या लघवीत १०० मायक्रोग्रॅमहून अधिक तांबं ही मोठी खूण. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी जमा करायची. प्रयोगशाळेने दिलेला प्लास्टिकचा डबाच वापरायचा, धातूचं भांडं नको. एक वेळचीही राहून गेली तर आकडा खोटा.

पेनिसिलामाइन जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी घेतात, सोबत बी६ जीवनसत्त्व. डोस हळूहळू वाढवतात, कारण घाईने मेंदूची लक्षणं बळावू शकतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवणं जिवावर बेतू शकतं. मन सर्वांत हळू सावरतं, तोवर धीर लागतो.

तांब्याच्या कळशीतलं पाणी रुग्णाने टाळावं. पण कळशीमुळे हा आजार होत नाही. पितळेच्या भांड्यात उकळलेल्या दुधाशी जोडला गेलेला बाळांचा यकृतविकारही वेगळा. विल्सन आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होतो. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घराण्यांत ही गाठ पडायची शक्यता वाढते. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला ती २५ टक्के असते; लक्षणं नसली तरी त्यांचं सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतलं तांबं आणि डोळे तपासून घ्यावेत.