डॉक्टरांपासून लपवायचं कशाला?

एक फॉरवर्ड कायम फिरत असतो: ‘गरोदरपणात जडीबुटी, अ‍ॅक्युप्रेशर काही करत असाल तर डॉक्टरला सांगू नका, ते सगळ्यालाच नाही म्हणतात.’ ओरडा बसेल ही भीती समजू शकते, पण असं सरसकट नाहीये. मळमळीवर आलं तर बरेच डॉक्टर स्वतःच सुचवतात, आणि मिडवाइफ (प्रशिक्षित सुईणी) साधारणपणे डॉक्टरांपेक्षाही मोकळ्या असतात. त्यांचा प्रश्न एवढाच की त्यात नेमकं काय आहे, किती घेताय आणि चालू गोळ्यांशी जमतं का. आता ज्येष्ठमधाचंच उदाहरण घ्या, रोज भरपूर घेतलं तर बीपी वाढू शकतं, पोटॅशियम उतरू शकतं, डबीवर मात्र ‘नैसर्गिक’ एवढंच ठळक (बाकी बारीक अक्षरात, वाचतंय कोण!). खात्री करायचीय तर पुढच्या चेकअपला डबीच न्या, घटकांची यादी दाखवा आणि सरळ विचारा, हे चालेल का, किती.