टॉवरला वेगळी लाइन नसते

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. लोकांनी फोन लावले आणि बऱ्याच जणांचे लागलेही. शेजारच्या काकांनी निकाल दिला, "मोबाइल टॉवरला वेगळी लाइन असते!"

नसते. टॉवरजवळच्या कपाटात रेक्टिफायर एसी विजेचं ४८ व्होल्ट डीसी करतात आणि २ व्होल्टचे २४ सेल त्याच तारांना कायमचे जोडलेले असतात. वीज गेली की भार आपसूक बॅटरीवर येतो, मध्ये कळ फिरवायला कोणी लागत नाही. जुना लँडलाइन अंधारात खणखणायचा तोही याच युक्तीनं. त्याची वीज एक्सचेंजच्या बॅटरीतून तारेवरून यायची.

आता माझा आवडता हिशेब. समजा टॉवरच्या यंत्रांना १०० अँपिअर हवेत. ५० चे दोन रेक्टिफायर लावले आणि प्रत्येक जण कोणत्याही क्षणी बंद सापडण्याची शक्यता हजारात १ धरली, तर घोटाळ्याची शक्यता हजारात २. तिसरा जादा लावा. आता दोन एकदम बंद पडायला हवेत. अशा जोड्या तीन, म्हणून शक्यता दशलक्षात ३. खर्च दीडपट झाला, धोका मात्र सहाशे पटींहून जास्त घटला! आणखी स्वस्तात हवं? २० अँपिअरचे सहा लावा: पाच कामाचे, एक राखीव. जोड्या १५, म्हणजे दशलक्षात १५. पण जादा क्षमता ५० ऐवजी २० टक्केच. मी हेच घेईन.

मग सातवा, आठवा? इथे गुणाकार फसतो, कारण प्रत्येक जण आपापला स्वतंत्र बिघडतो असं आपण धरलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्याच्या खोलीत तसं पाणी शिरलं तर आठही एकदम बुडतील. ते पैसे सामान चार फूट उचलायला वापरावेत.

नाहीतर बॅटरी थंड ठेवायला. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. गच्चीवरच्या पत्र्याच्या कपाटाला दसऱ्याला हार घाला, लिंबू-मिरची टांगा, मे महिना ऐकत नाही. 'कधीच बंद न पडणारं नेटवर्क' ही जाहिरातही त्याच लिंबा-मिरचीच्या जातीची.

उरला प्रश्न बॅटरी किती तासांची घ्यायची. मुंबईत वीज क्वचित जाते, मग आठ तासांचा खर्च कोण करणार? त्या दिवशी दुपारी काकांची रेंज गेली. म्हणाले, "वेगळी लाइनपण गेली वाटतं."