अंगावरच्या दुधातल्या साखरा आणि बाळाच्या पोटातले जंतू

(बाळंतिणीच्या लाडवांच्या डब्यासोबत)

आमच्याकडून डिंकाचे, अळिवाचे लाडू नेणाऱ्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो: "एवढा गूळ खाऊन दूध जास्त गोड होणार नाही ना? बाळाला बाधेल का?"

नाही होत. दुधाचा गोडवा लॅक्टोजचा. 100 मिलिलिटर दुधात तो साधारण 7 ग्रॅम असतो, आणि आईच्या ताटात काय वाढलंय त्यानं त्यात फारसा फरक पडत नाही. हा लॅक्टोज बाळाला पचतो, त्यातून ताकद मिळते.

त्याच दुधात आणखी एका जातीच्या साखरा असतात. त्या बाळाला पचतच नाहीत. ह्यूमन मिल्क ऑलिगोसॅकराइड्स हे त्यांचं नाव, डॉक्टर मंडळी एचएमओ म्हणतात. लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर दुधातला तिसरा मोठा घन घटक हाच. आतापर्यंत दीडशेच्या वर प्रकार सापडलेत. लिटरमागे 5 ते 15 ग्रॅम, म्हणजे चिमूटभर नव्हे. गाईच्या दुधात मात्र त्या नावापुरत्याच.

पचत नाहीत तर असतात कशाला? एक तर त्या चांगल्या जंतूंचं खाद्य आहेत. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये बिफिडोबॅक्टेरिया जातीचे जंतू असतात, हे पॅरिसमध्ये आंरी तिसिए यांनी 1899 च्या सुमारास दाखवलं. त्यांना पोसतात त्या दुधातल्या याच साखरा, हे कळायला मात्र 1950 चं दशक उजाडलं. या साखरा न पचता थेट मोठ्या आतड्यात पोचतात. तिथे हे जंतू त्या खातात आणि आम्ल सोडतात. आतडं थोडं आंबट झालं, की बऱ्याच त्रासदायक जंतूंना तिथे जम बसवता येत नाही.

दुसरं काम आम्हाला जास्त भावतं. रोगजंतू नुसता पोटात गेला म्हणून आजार होत नाही. आधी त्याला आतड्याच्या अस्तराला चिकटावं लागतं. अस्तरावरच्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात, जंतू त्यांनाच धरतो. दुधातल्या साखरांची टोकं हुबेहूब तशीच. लोकलमध्ये चढताना दाराचा दांडा धरायला जावं आणि हातात नुसतीच सुटी काठी यावी, तशी जंतूची गत होते. साखर धरून बसलेला जंतू शीवाटे लंगोटात येतो. जुलाब घडवणारा कॅम्पिलोबॅक्टर असा फसतो, हे प्रयोगांतून दिसलंय.

अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या स्टीव्हन टाउनसेंड यांच्या गटानं 2017 मध्ये आणखी पुढचं दाखवलं. नवजात बाळांना गंभीर संसर्ग करणाऱ्या ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस जंतूवर त्यांनी वेगवेगळ्या आयांच्या दुधातल्या साखरा वापरल्या. एकीच्या साखरांनी जवळजवळ सगळे जंतू मारले, काहींचा परिणाम बेताचाच झाला. जंतू भोवती जो चिकट थर उभारतात, तोही काही साखरांनी मोडला. अर्थात हे प्रयोगशाळेतलं. बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासं झालं किंवा मलूल पडलं, तर "अंगावर पितंय ना" म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता चिकाबद्दल. पहिल्या दोन-चार दिवसांचं दाट, पिवळसर दूध पिळून टाकायची रीत अजून काही घरांत आहे. आजींचा मान ठेवून सांगतो, ती सोडा. या साखरा सर्वांत जास्त असतात त्या चिकातच, लिटरमागे 20 ग्रॅमच्या आसपास. चीक थोडाच येतो आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. जन्मल्यावर तासाभरात बाळाला पाजायला घ्या. मध, साखरपाणी, गुटी काही नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषानं बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो.

दूध येतच नसेल, बाळ काचपेटीत असेल, तर मिल्क बँकेची चौकशी करा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली अशी बँक सुरू केली. तिथे दान आलेलं दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवतात. काही संरक्षक प्रथिनं त्यात कमी होतात, पण या साखरा बऱ्यापैकी टिकतात. हल्ली बाळाच्या दुधाच्या काही पावडरींतही यांतले मोजके प्रकार घालतात. दीडशेपुढे ते किती, तुम्हीच बघा. डॉक्टरांनी पावडर सांगितली असेल तर मात्र बिनदिक्कत द्या, मनाला लावून घेऊ नका.

लाडवांनी या साखरा वाढतात का, असंही विचारलं जातं. आमचा माल खपावा म्हणून हो म्हणणार नाही. कोणत्या आईच्या दुधात कोणते प्रकार उतरतात, हे बरंचसं तिच्या जनुकांवर ठरतं. लाडू आईच्या पोटाला आधार म्हणून खा. गरोदरपणात रक्तात साखर निघाली असेल, तर डबा उघडण्याआधी डॉक्टरांना विचारा. आमच्या खजुराच्या लाडवांनाही हेच लागू.