कळ दाबली, अंक कुठे गेला?

सोयाबीनची आवक वाढली की लातूरच्या मोंढ्यात आडतीवरच्या संगणकाला उसंत नसते. शेतकऱ्याचं नाव आणि गाव मराठीत टाइप करून मुनीम वजनाच्या चौकटीत येतो, ७ दाबतो, आणि चौकट कोरीच राहते. तो पुन्हा दाबतो. कीबोर्ड बिघडलाय असं त्याला वाटतं. खोट असते ती प्रोग्रॅममध्ये.

कळ दाबल्यावर कीबोर्ड अक्षर पाठवत नाही. कुठल्या जागची कळ दाबली एवढंच कळवतो; तो झाला स्कॅन कोड. त्या जागेवर कोणतं अक्षर, हे संगणकात निवडलेली मांडणी ठरवते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या मांडणीत इंग्रजी 'एन'च्या कळीवर 'ल' येतो. विंडोजच्या प्रोग्रॅमला या प्रवासाची वर्दी सहसा तीनदा मिळते: कळ खाली गेली (की-डाउन), अक्षर तयार झालं (की-प्रेस), बोट उचललं (की-अप). बाणांच्या कळांना अक्षरच नाही, म्हणून त्यांची मधली वर्दी येत नाही.

संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. प्रोग्रॅमर बहुधा या मधल्या टप्प्यावर पहारा बसवतो: ४८ ते ५७ या क्रमांकांची अक्षरं आत, बाकी बाहेर. इंग्रजी अंकांचे क्रमांक तेच. पण युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या क्रमांक-यादीत ० ते ९ या देवनागरी अंकांचे क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत. काही मराठी मांडण्यांत अंकांच्या कळा हेच अंक देतात, आणि पहारेकरी ते परत पाठवतो. उपाय एका ओळीचा: क्रमांकातून २३५८ वजा करा, इंग्रजी अंक मिळतो.

याहून फसवा प्रकार सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे. तिथे 'हा अंक आहे का?' विचारलं तर देवनागरी ७ ला होकार मिळतो, पण त्याच ७ ची संख्या करायला गेलं की प्रोग्रॅम चूक दाखवतो. पायथॉन ही दुसरी भाषा मात्र तो बिनतक्रार ७ म्हणून मोजतो. म्हणजे हे जमण्यासारखं आहे, कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

इंग्रजी अक्षरांतून उच्चारानुसार मराठी टाइप करताना गुंता वाढतो. शब्द जुळत असताना विंडोजवर की-डाउनमध्ये खऱ्या कळीऐवजी २२९ हा क्रमांक येतो. सुचवलेला शब्द घ्यायला एंटर दाबलं, तर की-अप मात्र खऱ्या एंटरचं येऊ शकतं. त्यावर 'जतन करा' बांधलेलं असेल, तर गावाचं नाव भरायच्या आधीच पट्टी (मालाच्या हिशेबाची पावती) जतन होते. आणि माउसने मजकूर चिकटवला तर कळीची वर्दी येतच नाही.

माझं ठाम मत आहे की पहारा कळीवर नको, चौकटीतल्या मजकुरावर हवा. मजकूर बदलला की देवनागरी अंक ओळखावेत आणि अंतिम तपासणी चौकट सोडताना करावी. मधेच नाकारू नये, कारण ७.५ क्विंटल लिहिताना आधी '७.' एवढंच लिहावं लागतं.