हसू येतं, पण आनंदाशिवाय

मराठीत ‘मी हसलो’ म्हणता येतं आणि ‘मला हसू आलं’ असंही. दुसऱ्या वाक्यात कर्ता मी नाही. हसू आपल्या पायांनी आलं, मी फक्त तिथे होतो. फिटचंही तसंच; ती कोणी करत नाही, येते. एका विरळ आजारात ही दोन्ही एकदमच येतात. त्या झटक्यांना ‘जेलास्टिक’ म्हणतात. ‘जेलोस’ म्हणजे ग्रीकमध्ये हसू. १९५७ साली डॅली आणि मल्डर या डॉक्टरांनी हे नाव रूढ केलं.

फिट म्हटली की हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे तसलं काहीच नसतं, निदान सुरुवातीला तरी नाही. काही महिन्यांचं बाळ दूध पिताना मध्येच थांबतं आणि हसतं. घरातले कौतुकाने बघतात. दहा-वीस सेकंदांत हसू बटण बंद केल्यासारखं थांबतं आणि बाळ पुन्हा दूध प्यायला लागतं. तासाभराने तेच होतं. झोपेतही होतं. मग आईच्या लक्षात येतं, की हे हसणं दर वेळी अगदी एकाच चालीचं आहे. गुदगुल्या केल्यावरचं हसू असं नसतं. ओठ फाकलेले असतात, पण नजर कुठेतरी हरवलेली. चेहरा लाल होतो, श्वासाची लय बिघडते. दिवसातून असे अनेक झटके येऊ शकतात. हसरं मूल कोण डॉक्टरकडे नेणार? त्यामुळे निदानाला कित्येकदा वर्षं जातात.

बहुतेक वेळा मूळ सापडतं ते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये. भूक, तहान, शरीराचं तापमान आणि हार्मोन यांचा कारभार पाहणारा हा जेमतेम बदामाएवढा भाग. गर्भात मेंदू घडत असताना तिथे कधी कधी पेशींची एक चुकीची गाठ तयार होते. तिला हॅमार्टोमा म्हणतात. ती कॅन्सरची नसते, पसरतही नाही. पण तिच्यातल्या चेतापेशी अधूनमधून एकसाथ विजेचे ठोके देतात आणि ते हसण्याच्या यंत्रणेपर्यंत पोचतात. ही गाठ आणि तिच्यामुळे होणारी एपिलेप्सी, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, साधारण २ लाख मुलांमागे एकात आढळते. काही मुलं त्याच गाठीपायी फारच लवकर वयात येतात. काहींना रागाचे अनावर झटके येतात, शिकणं जड जातं. हसण्याऐवजी रडण्याचे झटके येणारी मुलंही आहेत, आणि एकाच मुलाला दोन्ही येऊ शकतात.

गाठ इतकी खोल, की डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवून काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, पुष्कळदा नॉर्मल येतो किंवा भलतीकडेच बोट दाखवतो. याची किंमत रुग्णांनी मोजली आहे. ईईजीत टेंपोरल लोब, म्हणजे मेंदूचा कानाजवळचा भाग, संशयित दिसला म्हणून सर्जननी त्याचा भाग काढला, आणि झटके होते तसेच राहिले. १९९० च्या दशकात थेट गाठीत बारीक इलेक्ट्रोड घालून पाहिल्यावर उगम गाठीतच असल्याचं दिसलं. म्हणून शंका आली तर त्या भागाचा नीट एमआरआय हवाच. आणि माझ्या मते त्याआधी घरच्यांनी मोबाइलवर काढलेला झटक्याचा व्हिडिओ. नुसत्या ‘खूप हसतो हो’ या वर्णनातून डॉक्टरला तरी काय कळणार?

हे झटके औषधांना सहसा दाद देत नाहीत. गाठ काढणं, ती आजूबाजूच्या मेंदूपासून तोडणं किंवा रेडिएशन देणं हे मार्ग आहेत. गेल्या काही वर्षांत कवटीला छोटंसं भोक पाडून लेझरची तार गाठीपर्यंत नेतात आणि एमआरआयवर तापमान बघत गाठ जाळतात. शेजारीच स्मृतीच्या आणि हार्मोनच्या वाटा असल्यामुळे काम मिलिमीटरच्या हिशेबाचं.

बरं, हसताना या लोकांना मजा वाटते का? हायपोथॅलॅमसमधून उठणाऱ्या झटक्यात बहुधा नाही. ते हसू कोरडं असतं, काहींना त्याची लाजच वाटते. टेंपोरल लोबच्या तळातून उठणाऱ्या झटक्यात मात्र खरोखरची गंमतही वाटू शकते. म्हणजे हसण्याची हालचाल आणि हसण्यातला आनंद यांच्या तारा मेंदूत वेगवेगळ्या आहेत.

पण त्या एकमेकींत गुंतल्यात कशा, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. लॉस एंजेलिसमध्ये १६ वर्षांच्या एका मुलीच्या एपिलेप्सीचं मूळ शोधताना डॉक्टर तिच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युतप्रवाह देऊन पाहत होते. डाव्या फ्रंटल लोबमधल्या (मेंदूच्या पुढच्या भागातल्या) सुमारे २ बाय २ सेंटिमीटरच्या जागी प्रवाह दिला की ती हसायची. कमी प्रवाहाला स्मित, वाढवला की खळखळून. तिला मजाही वाटत होती. का हसलीस, असं विचारल्यावर तिने दर वेळी समोर असेल ते कारण दिलं. घोड्याचं चित्र समोर होतं तेव्हा घोडा गमतीदार होता. काही नसलं तर भोवती उभे असलेले डॉक्टरच विनोदी ठरले.

गाठ अगदी लहान असलेल्या काही मोठ्या माणसांची गोष्ट याहून निराळी. बुद्धी शाबूत, कामधंदा नीट. त्यांच्या झटक्यात कधी कधी हसू बाहेर पडतच नाही. आतून हसण्याचा नुसता दाब येतो. भर बैठकीत हसू दाबताना होतं तसंच काहीसं, फक्त कोणी विनोद केलेला नसतो.