सुटी बॅटरी फ्रिजमध्ये ठेवावी का?

‘सुट्या लिथियम बॅटऱ्या फुल्ल चार्ज करून फ्रिजमध्ये ठेवा, वर्षानुवर्षं टिकतील,’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तो पटतोही. त्यात तथ्य आहेच: उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते.

पण फ्रिजमधला स्टीलचा गिलास कूलरच्या दमट हवेत काढून ठेवा. मिनिटभरात बाहेरून थेंब जमतात. तेच पाणी बॅटरीच्या टोकांवर जमतं, गंज धरतो, शॉर्टचीही भीती. गोठणबिंदूखाली गार झालेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावली तर आत कायमचं नुकसान होतं.

फुल्ल चार्जही नको. साध्या ३.७ व्होल्टच्या सेलला मल्टिमीटर लावून बघा: ४.२ म्हणजे पूर्ण भरलेला, ३.७ ते ३.८ म्हणजे साधारण अर्धा. ठेवायला अर्धाच बरा.

टोकांवर चिकटपट्टी लावा. किल्ल्या-नाण्यांच्या खणात तर बिलकूल टाकू नका. पत्र्याखालचा माळाही नको. खालच्या मजल्यावरची, उन्हाची झळ न लागणारी कोरडी जागा पुरते. फुगलेली बॅटरी मात्र टोचू-दाबू नका, ई-कचरा संकलनात द्या.